कडक स्टीलमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कटर टिकत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये (जिथे साचे-डाय बनतात) हे रोजचंच. ५८-६० एचआरसीला (कडकपणाचं रॉकवेल माप) हार्ड केलेला डी-टू टूल स्टीलचा इन्सर्ट (साच्यात बसणारा तुकडा) टेबलावर, ०.५ मिमीचा कटर तिसऱ्याच पॉकेटमध्ये (खळग्यात) मोडलेला, आणि ऑपरेटर सांगतोय, "साहेब, मटेरियलच लई कडक आहे." कडक आहेच. पण माझ्या पाहण्यात कडकपणापेक्षा भीतीनेच जास्त कटर मोडले आहेत.

भीतीपोटी पहिला हात फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करायला नॉबवर जातो. हिशोब बघा. दोन दातांचा कटर, ३०,००० आरपीएम, फीड मिनिटाला २४० मिमी: दर दाताला ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). फीड ४० वर आणला की दाताला पाऊण मायक्रॉनही उरत नाही, आणि धारेची स्वतःची गोलाईच एक-दोन मायक्रॉन असते. मग धार कापत नाही, घासते. घासली की तापते, बोथट होते, दाब वाढतो आणि टक्! स्पिंडल (कटर फिरवणारा मशीनचा दांडा) ६,००० आरपीएमच्या वर जात नसेल, तर मात्र तोच २४० चा फीड दाताला २० मायक्रॉन देईल. तिथे ४८ लावा. आकडा फीडचा नव्हे, दाताचा लक्षात ठेवा.

रनआउटही (फिरताना कटरचं मध्यापासून सरकणं) याच ४ मायक्रॉनशी ताडून बघायचा. डायल गेज ५ मायक्रॉन दाखवत असेल, तर एकच दात सगळा माल काढतोय आणि दुसरा नुसता फिरतोय, असं होऊ शकतं. मी एकदा अर्धा दिवस कटर बदलत बसलो होतो. दोष निघाला कोलेटच्या (कटर पकडणाऱ्या बाहीच्या) टेपरवर चिकटलेल्या केसाएवढ्या चिपचा. तेव्हापासून कोलेट, नट, होल्डर पुसल्याशिवाय कटर चढवत नाही. डायल शँकवर (कटरच्या गुळगुळीत दांड्यावर) लावा. दातांवर लावलात तर धार गेली.

कटर गरजेपेक्षा बाहेर काढू नका: लांबी दुप्पट, तर वाकणं आठपट. सरळ खाली घुसवू नका, रॅम्पने, म्हणजे तिरकं, उतरवा. कूलंटचा पूर ओतण्यापेक्षा हवेचा झोत किंवा ऑइल मिस्ट बरा, चिप्स खाचेत अडकून पुन्हा कापल्या जात नाहीत.

आणि नाशिकची थंडी. पहाटे गारठलेला १०० मिमीचा जॉब दुपारी दहा अंशांनी तापला, तर ११-१२ मायक्रॉन वाढतो. स्पिंडलही तापून झेडमध्ये (उभ्या दिशेत) खाली सरकतो. वीस मिनिटं स्पिंडल मोकळा फिरवा, मग टूलची लांबी घ्या. चहा तेवढ्यात होतो.