टेकडीवरची पायवाट: आधी पाण्याची वाट बघा

सह्याद्रीच्या उतारावरची वाट बुटांनी आणि चाकांनी झिजते, त्याहून कितीतरी जास्त पाण्याने झिजते. त्यामुळे पायवाट आखण्या-खोदण्याच्या कामात नव्याने येणाऱ्याने कुदळ हातात घेण्याआधी जुलैतल्या भरपावसात त्या उतारावर एक चक्कर मारावी. पाणी कुठे साचतं, कुठे चर पाडतं, ते तेव्हाच दिसतं. टेकडी वनखात्याची असेल तर लेखी परवानगी आधी घ्या. चौकशी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात होते. आणि जाळरेषेला पायवाट समजू नका. ती वणवा अडवण्यासाठी असते, बऱ्याचदा सरळ उतारावरून जाते आणि पावसात तिथे ओहोळ वाहतो.

आखणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरा आणि दोन काठ्यांना बांधून दहा मीटर अंतरावर धरा. जमिनीपासून मोजलेल्या पाण्याच्या उंचीत एक मीटर फरक आला, तर चढ १० टक्के. वाटेचा सरासरी चढ याच्या आत ठेवा. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. उतार १६ टक्के असेल तर वाट जास्तीत जास्त ८ टक्के. हा नियम मोडला की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेवरूनच धावू लागतं. नवख्यांना सपाट जागा सोपी वाटते, पण तिथे पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. काळ्या मातीत तर अशा वाटेचा राडा होतो, लोक कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते.

खोदाईचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर, जमिनीत वाफसा असताना. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच तो फुटावा. मार्चपर्यंत मुरूम इतका कडक होतो की कुदळीऐवजी पहार लागते, आणि कोरडी माती कितीही धुम्मस मारली तरी बसत नाही.

वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कापून काढा. अर्धी कापून उरलेली भरावावर टेकवली की तो भराव पहिल्या पावसाळ्यात खचतो. कापलेली माती खाली दूरवर पातळ पसरा, कडेला ढीग नको. वरची कापलेली बाजू साधारण ४५ अंशांत तासा. उभी ठेवली तर ढासळून वाटेवर येते. वाटेला दरीकडे ५ टक्के कल द्या, म्हणजे ९० सेंटिमीटर रुंदीला साडेचार सेंटिमीटर. रुंदी ठरवताना हिशोब करा: ४० टक्के उतारावर ९० सेंटिमीटर वाटेसाठी दर मीटरला सुमारे पाव घनमीटर माती निघते. तीच वाट ६० सेंटिमीटर केली तर निम्म्याहून कमी. एकेरी वाटेला साठ पुरतात, आणि डोंगरही कमी कापला जातो.

नुसत्या कलावर मात्र विसंबू नका, वर्दळीने तो दोन-तीन वर्षांत बसतो. म्हणून उतरती वाट मधूनमधून थोडी वर चढवून पुन्हा उतरवा. त्या सखल जागी पाणी वाटेबाहेर पडतं. चढ जास्त किंवा माती भुसभुशीत असेल तर हे सखल भाग जवळजवळ हवेत. आडवे दगड रोवूनही पाणी वळवता येतं, पण सायकलवाले त्यांना वळसा घालतात आणि शेजारी नवी घळ पडते. सायकलच्या वाटेवर वळणाआधी चढ कमी करा; नाहीतर ब्रेक लागून तिथे खड्ड्यांची रांग तयार होते. आंधळं वळण तर ठेवूच नका, समोरून चालणारा माणूस सायकलस्वाराला वेळेत दिसला पाहिजे. नागमोडी वळण करवंदीच्या जाळीला किंवा मोठ्या खडकाला वळसा घालून घ्या. खालची वाट नजरेआड राहिली की आडवाट पडत नाही. पडलेली असेल, तर तिच्या पूर्ण लांबीवर बोरीच्या काटेरी फांद्या अंथरा. नुसतं तोंड बंद केलं तर लोक बाजूने शिरतात.

देखभालीला वर्षातून तीन फेऱ्या लागतात. मेअखेर सखल भागांतला गाळ काढायचा. पावसात फावडं घेऊन फिरायचं आणि पाणी तुंबेल तिथे लगेच तोंड मोकळं करायचं. ऑक्टोबरमध्ये विळ्याने गवत कापायचं, मुळं मातीतच ठेवून. त्याच फेरीत दरीकडच्या कडेला साचलेला मातीचा वरंबा काढायचा. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. पण चार बोटं उंच वरंबाही पाणी अडवतो, आणि अडलेलं पाणी वाटेच्या मधोमध चर पाडतं. असा चर दगडमातीने भरत बसू नका. आधी वरच्या बाजूला पाणी कुठून शिरतंय ते शोधून तिथे बाहेर काढा. वाट मुळातच सरळ उतारावर असेल, तर ती बंद करून शेजारी नवी आखणंच स्वस्त पडतं.