लंडनची आग, 1666: इंग्रजी आणि इतिहासाच्या जोडतासांची तयारी

सहावी ते आठवीच्या वर्गाला इंग्रजी आणि इतिहास एकत्र शिकवायचं ठरलं की शोधाशोध सुरू होते ती उपक्रमांची: नाटुकली, पोस्टर, प्रश्नमंजूषा. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी साधन हातात घ्या. त्या काळात कुणी लिहिलेला मजकूर, काढलेला नकाशा, छापलेलं पत्रक. ते नीट निवडलं की उपक्रम त्यातूनच सुचतात. 1666 सालची लंडनची मोठी आग या कामाला फार सोयीची आहे. घटना चार-पाच दिवसांची, नकाशावर बोट ठेवून दाखवता येण्याजोगी, आणि डोळ्यांनी पाहणारा माणूस इंग्रजीतच लिहून गेलेला. पाच-सहा तासांना पुरेल अशी तयारी पुढे देत आहे.

आठवड्याचा प्रश्न सगळ्यात आधी, एका ओळीत लिहून ठेवा. ‘आग का लागली?’ हा प्रश्न घेऊ नका. त्याचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत संपतं. ‘आग कशामुळे पसरली आणि लोकांनी दोष कुणाला दिला?’ हा घ्या. दोन उत्तरांमध्ये जी फट आहे, तिथेच मुलं विचार करायला लागतात. हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्या.

मग स्वतःपुरती तथ्यं पक्की करा, म्हणजे मुलांनी मधेच विचारलं तर अडखळायला होणार नाही. 2 सप्टेंबर 1666, रविवार, मध्यरात्र उलटल्यावर पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. कोरडा उन्हाळा, पूर्वेचा जोराचा वारा, दाटीवाटीची लाकडी घरं आणि नदीकाठच्या वखारींतलं डांबर यांमुळे ती पसरली. सुमारे 13,200 घरं, 87 चर्च आणि सेंट पॉल कॅथीड्रल गेलं. नोंदले गेलेले मृत्यू मात्र अगदी थोडे आहेत. गरिबांची नोंद कोण ठेवत होतं, हा प्रश्न एखादं मूल नक्की विचारेल; तो विचारला गेला की बाकीचं थोडा वेळ बाजूला ठेवा. आणखी एक गोष्ट जवळ असू द्या: इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालत होतं, त्यामुळे या तारखा आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे आहेत.

आता मुख्य साधन. सॅम्युअल पेपिस हा नौदलाच्या कारभारात काम करणारा अधिकारी. 1660 ते 1669 या काळात त्याने लघुलिपीत डायरी लिहिली आणि ती पहिल्यांदा छापली गेली 1825 मध्ये. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती मोफत मिळते. 2 सप्टेंबरची नोंद आधी पूर्ण वाचा, मगच कात्री लावा. वर्गासाठी दीडशे ते दोनशे शब्द पुरे. तीन जागा मात्र सोडू नका. मोलकरीण जेन पहाटे तीनच्या सुमाराला उठवते, पेपिस खिडकीतून पाहतो, आग लांब आहे असं ठरवतो आणि पुन्हा झोपतो. नंतर नदीवरून तो पाहतो की लोक घर सोडायला शेवटपर्यंत तयार नाहीत, आणि कबुतरंही पंख जळेपर्यंत खिडक्यांभोवती घिरट्या घालताहेत. शेवटी रस्त्यात भेटलेला दमलेला, हताश महापौर. घरं पाडतोय, पण आग त्याच्यापुढे धावतेय. 4 सप्टेंबरच्या नोंदीतला पार्मेसान चीज बागेत पुरण्याचा प्रसंग चौथा म्हणून ठेवता येईल. घर जळायच्या भीतीत माणूस काय वाचवतो, यावर मुलं तासभर बोलतात.

हा मजकूर सोपा करून देण्याचा मोह होतो. करू नका. सोपं इंग्रजी त्यांच्या पाठ्यपुस्तकात भरपूर आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं वाक्य स्वतः उलगडल्याचा आनंद वेगळा असतो आणि तो प्रत्येक मुलाला मिळायला हवा. त्याऐवजी मदत भरपूर द्या: ओळींना क्रमांक, मोठा टाईप, दोन ओळींमध्ये मोकळी जागा, उजव्या समासात शब्दार्थ. ‘लायटर्स’ म्हणजे इथे मालवाहू होड्या, हे शब्दार्थात आलंच पाहिजे, नाहीतर आगीच्या गोष्टीत मुलं भलताच अर्थ लावतील. पेपिसची वाक्यं ‘अँड’ने जोडत लांबत जातात. अशी एक लांब वाक्यरचना निवडून तिच्या पट्ट्या कापून ठेवा. गटाने त्या पट्ट्यांतून छोटी वाक्यं करायची आणि मग ठरवायचं, की धावपळ कोणत्या रूपात जास्त जाणवते. संयुक्त वाक्यांचा धडा यातच होऊन जातो.

दुसरा साक्षीदार हवाच. जॉन एव्हलिनच्या डायरीत सेंट पॉलचं शिसं वितळून रस्त्यांवरून वाहिल्याचं वर्णन आहे. तेवढ्या चार ओळी पुरेत. शिवाय सरकारी पत्र ‘लंडन गॅझेट’चा 10 सप्टेंबरपर्यंतच्या आठवड्याचा अंक जोडा. डायरी स्वतःसाठी लिहिलेली, गॅझेट लोकांना सांगण्यासाठी. दोन्ही शेजारी ठेवून मुलांनी विचारावं: हे कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि काय गाळलं? कोरा तक्ता बनवायला वेळ नसेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा साधन-विश्लेषणाचा तक्ता वापरा. पाहा, विचार करा, प्रश्न विचारा, असे त्याचे तीन रकाने आहेत.

नकाशासाठी वेन्सेस्लाउस होलारने आगीनंतर लगेच काढलेला जळलेल्या भागाचा नकाशा घ्या. विकिमीडिया कॉमन्सवर त्याच्या चांगल्या प्रती आहेत. गटागणिक एक प्रत आणि वर ठेवायला पारदर्शक कागद. मजकुरातली ठिकाणं शोधून वाऱ्याची दिशा बाणाने दाखवायची. याला अर्धा तास पुरतो.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो रॉबर्ट हुबर्टसाठी. या फ्रेंच तरुणाने बेकरीच्या खिडकीतून आगीचा गोळा टाकल्याची कबुली दिली आणि ऑक्टोबर 1666 मध्ये त्याला फाशी झाली. आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये नव्हताच, दोन दिवसांनी पोहोचला होता, हे नंतर उघड झालं. परके आणि कॅथलिक यांच्यावर तेव्हा जमाव तुटून पडत होता. पुढे आगीच्या स्मारकस्तंभावर 1681 मध्ये कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला गेला आणि तो कायमचा काढायला 1830 साल उजाडलं. दगडावर कोरलेलंही खोटं असू शकतं, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी पुराव्यानिशी पाहावं, असं मला मनापासून वाटतं. तयारी म्हणून पुराव्यांची सहा कार्डं करा: कबुली, येण्याची तारीख, बेकरीची जागा, वारा, अफवा, स्तंभावरचा मजकूर. एकेक कार्ड पाच मिनिटांच्या अंतराने द्या आणि प्रत्येक वेळी गटाला आपलं मत इंग्रजीत एका वाक्यात लिहायला सांगा, ‘बिकॉज’ वापरून. मत बदललं तर जुनं वाक्य खोडायचं नाही, खाली नवं लिहायचं. खटल्याचं नाटक मात्र टाळा. त्यात कुणीतरी हुबर्ट होतो, वर्ग हसतो आणि पुरावा बाजूला राहतो.

लेखनासाठी दोन पर्याय तयार ठेवा. एक, जेनच्या नजरेतून त्या पहाटेची नोंद. तिने सगळं आधी पाहिलं, पण तिची डायरी आपल्याकडे नाही. दोन, 10 सप्टेंबरची बातमी, ज्यात अफवा आणि माहिती वेगळी ओळखू येईल. बातमीवाल्यांसाठी अप्रत्यक्ष कथनाच्या वाक्यांचा एक छोटा नमुना फळ्यावर असू द्या.

आदल्या दिवशी सगळं छापून गटागणिक पाकिटात भरा. नेट आणि प्रोजेक्टर यांवर काहीच अवलंबून ठेवू नका. आगीच्या इतिहासात महापौराचे अश्लील उद्गार सतत उद्धृत होतात; पेपिसच्या नोंदीत मात्र ते नाहीत. मुलं नेटवर शोधतील तेव्हा ते सापडतील, तर तुमचं उत्तर ठरवून जा. वर्गात कुणाचं घर आगीत गेलं असेल तर त्या मुलाशी आधी बोला आणि त्याला नकाशाचं काम द्या. गुणांची पट्टीही आधीच लिहा: पुरावा नेमका दिला का, दोन साधनांची तुलना आहे का, वाक्य समजतं का. स्पेलिंगला शेवटचे थोडेच गुण ठेवा आणि ते मुलांना पहिल्याच तासाला सांगा.