स्ट्रिंगची लांबी मोजताना नेमकं काय मोजायचं?

'क्षि' हे एक अक्षर पायथनच्या इंटरप्रिटरमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, म्हणून टाका आणि लेन फंक्शनने त्याची लांबी विचारा. उत्तर येतं ४. आता ऑर्ड वापरून एकेक कोडपॉइंट छापा: २३२५, २३८१, २३५९, २३६७. म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी. युनिकोड या जागतिक लिपी-मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले हे नुसते क्रमांक, म्हणजेच कोडपॉइंट, आहेत. ते मेमरीत कसे मांडायचे हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते.

पुढची पायरी: तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, एन्कोड करून बाइट मोजा. देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला ३ बाइट लागतात, म्हणून एकूण १२. त्यातल्या एकट्या 'क'चे २२४, १६४, १४९. गो आणि रस्ट या भाषा लांबी म्हणून हेच १२ सांगतात. सी भाषेतही लांबी मोजणारं स्ट्रलेन १२ देतं, पण स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासाठी एक जादा बाइट लागतो, तेव्हा अ‍ॅरे १३ चा घ्या. जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटांचे तुकडे मोजतात. इथे ते ४ भरतात, पण एका साध्या हसऱ्या इमोजीचे २ होतात. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधला सर्वांत मोठा कोडपॉइंट पाहून सगळ्यांना सारखेच १, २ किंवा ४ बाइट देतो. लांबलचक मराठी मजकुरात एक इमोजी टाकला, की साठवण जवळपास दुप्पट!

स्ट्रिंग कापताना मात्र जपून. वरचे १२ बाइट दहाव्यावर तोडले, तर 'क्ष'नंतर एक अर्धवट बाइट लटकतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. कोडपॉइंट मोजून तिसऱ्यावर तोडलं तर चूक दिसतही नाही, वेलांटी गुपचूप गळते. ही चूक जास्त वाईट, कारण एररच येत नाही. वापरकर्त्याला दिसणारी अक्षरं मोजायची असतील तर ग्राफीम (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) ओळखणारी लायब्ररी घ्या आणि तिची आवृत्ती तपासा: 'क्षि' अखंड धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. जुन्या लायब्रऱ्या त्याचे दोन तुकडे करतात.

तुलनेतही एक खाच आहे. 'दुसऱ्या'तला अर्धा र कुणी ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, तर कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. दिसायला सारखेच, पण शोधात जुळत नाहीत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत, हीसुद्धा त्यांना एक करत नाही. त्यामुळे मजकूर साठवण्याआधी दुसरं रूप स्वतः बदलून पहिल्यात आणा.