जुनं व्हीएमसी बघायला जाताय? डायल घेऊन जा

जुनं व्हीएमसी (म्हणजे उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बघायला गेलं की मालक आधी स्क्रीन चालू करून दाखवतो आणि आपण पण येड्यासारखं स्क्रीनकडंच बघत बसतो. रेट्रोफिटच, म्हणजे जुन्या मशीनवर नवा कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर) बसवायचं काम, करायचं असेल तर जुना कंट्रोल तसाही जाणारच आहे, त्यामुळं बघायचं ते लोखंड. स्लाइड (ज्यावर टेबल सरकतं), बॉल स्क्रू (जो टेबल ढकलतो) आणि स्पिंडल (जो कटर फिरवतो) ह्यातलं काय गेलं असेल तर मशीन भंगाराच्या भावात मिळालं तरी महागच पडतं.

माझं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमच्या पार्टचं जॉबवर्क आहे, पहिलं व्हीएमसी पुण्याकडनं आणलं. टेबल मधोमध आणून डायल (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं घड्याळ) लावला, हँडव्हीलचा सिलेक्टर १० वर म्हणजे एका क्लिकला ०.०१ मिमी, एका बाजूला फिरवलं, उलटं फिरवलं, काटा लगेच हलला, एक पण क्लिक रिकामी गेली नाही. खूश होऊन टोकन देऊन आलो. मशीन सोलापुरात आल्यावर टेबल टोकाला नेऊन तेच केलं तर पहिल्याच उलट्या क्लिकला काटा पाच-सहा घरं पळाला! झालेलं असं की स्क्रू मधे झिजलेला, कारण रोजचं काम मधेच चालतं, आणि ती झीज कंट्रोलमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (दिशा बदलताना रिकामी जाणारी हालचाल भरून काढणारा आकडा) टाकून झाकलेली. टोकाला झीज नाही, म्हणून तिथं तीच भरपाई जादा झाली. म्हणून तीन ठिकाणी चेक करा, मधे आणि दोन्ही टोकांना, आणि आधी पॅरामीटर (कंट्रोलमधल्या सेटिंगचे आकडे) उघडून कॉम्पेन्सेशनचा आकडा बघा, फॅनक ०आय कंट्रोल असेल तर तो १८५१ नंबरच्या पॅरामीटरला असतो. शून्य करून चेक करू देतो का विचारा. आढेवेढे घेतले तर समजून जा.

टेलिस्कोपिक कव्हर सरकवायला लावा, स्लाइड कापडानं पुसा, नखाला लागेल असा ओरखडा आहे का बघा. एका बाजूची स्लाइड कोरडी दिसली तर तिकडची तेलाची लाइन तुंबलेली असणार, आणि किती वर्षं तुंबलीय ते कोण सांगणार.

स्पिंडल अर्धा तास पळवा, थांबवून स्पिंडलच्या नाकाजवळ (कटर बसतो त्या तोंडाशी) हात ठेवा. हात ठेववत नसेल किंवा आवाजात घरघर असेल तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव करा. टेस्ट मँड्रेल (स्पिंडलमध्ये बसवायचा तपासणीचा सरळ दांडा) मिळालं तर तोंडाशी आणि ३०० मिमी खाली रनआउट (फिरवताना डायलचा काटा किती हलतो ते) घ्या.

आता रेट्रोफिटचं. जुन्या मशीनचे ड्राइव्ह (मोटर चालवणारे युनिट) ±१० व्होल्ट ॲनालॉगवर चालणारे असतील तर नशीब समजा, लिनक्ससीएनसी (फुकटचं कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि मेसा कार्ड (कॉम्प्युटर ड्राइव्हला जोडणारं) लावून मोटर-ड्राइव्ह तेच ठेवता येतात, पैसे लई वाचतात. पण फॅनकचे डिजिटल ड्राइव्ह बाहेरच्या कंट्रोलरचं ऐकत नाहीत, तिथं ड्राइव्ह आणि मोटर दोन्ही बदलायची तयारी ठेवा. जुना कंट्रोल काढायच्या आधी पॅरामीटरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, कंट्रोलची बॅटरी संपली की पॅरामीटर उडतात, आणि बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवूनच.

झेड ॲक्सिसची (हेड वर-खाली नेणारी) मोटर काढताना हेडखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. ब्रेक त्या मोटरमध्येच असतो, मोटर सुटली की हेड खाली येतंय.

जपानी मशीन असेल तर नेमप्लेट वाचा, बरीचशी २०० व्होल्ट थ्री फेजवाली असतात आणि आपल्याकडं ४१५. ट्रान्सफॉर्मर मशीनबरोबरच ट्रकमध्ये चढतोय का हे उभं राहून बघा, नंतर फोन करून काय उपयोग होत नाही. छोटं व्हीएमसी पण चार-पाच टन भरतं, हायड्रावाल्याला (क्रेनवाल्याला) वजन आधीच सांगा, आणि शेडच्या शटरची उंची मोजून घ्या (मला वरची पत्र्याची पट्टी कापावी लागली होती).

लेव्हल ०.०२ मिमी प्रति मीटरवाल्या बबलनं करा, आणि चार-आठ दिवस चालवून परत बघा.

आणि आपल्या सोलापूरचं म्हणून एक. शेजारी टॉवेलचा कारखाना असेल तर कापसाची रुवा पॅनलच्या फॅनच्या जाळीवर गादीसारखी बसते आणि मे महिन्यात ड्राइव्ह तापून ट्रिप मारतो. मी दोन दिवस वायरिंग तपासत बसलो होतो. आता दर शनिवारी जाळी काढून झटकतो, मशीन बंद करून.