टोकियोचा प्लॅन करताय? आधी या चुका टाळा

टोकियो फिरून आलेल्या कुणालाही विचारा, पहिलं वाक्य असतं "ट्रेन काय भारी आहेत यार" आणि दुसरं "पाय गेले कामातून". गंमत अशी की दुसरं वाक्य कुणी मनावर घेत नाही आणि सगळा प्लॅन पहिल्या वाक्यावर बनतो. आम्ही इकडे टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईच्या बाजूला राहतो, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे येतात आणि बहुतेकांच्या हातात एक एक्सेल शीट असते. सकाळी असाकुसा, मग उएनो, मग अकिहाबारा, दुपारी हाराजुकू, संध्याकाळी शिबुया, रात्री शिंजुकू. मॅपवर प्रत्येक उडी वीस-पंचवीस मिनिटांची दिसते म्हणून हे सगळं एका दिवसात बसतं असं वाटतं. पण ती मिनिटं ट्रेनची असतात, टोकियोत वेळ जातो तो स्टेशनात. प्लॅटफॉर्मवरून गेट, गेटपासून एक्झिट, एक्झिटपासून ती बिल्डिंग, आणि मध्ये लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर लिफ्ट शोधण्यात अजून दहा मिनिटं.

म्हणून एका दिवसात शहराची एकच बाजू घ्या. असाकुसा-उएनो-अकिहाबारा एकीकडे आहेत, हाराजुकू-शिबुया-शिंजुकू दुसरीकडे, यांची मिसळ करू नका एवढं जरी केलंत तरी अर्धी दमणूक वाचते.

चुकीची एक्झिट

ही सगळ्यात कॉमन चूक आणि सगळ्यात महागात पडणारीही हीच. दादरला पूल चुकला तर वेस्टऐवजी ईस्टला उतराल, वैतागाल आणि परत याल. शिंजुकूला दोनशेच्या वर एक्झिट आहेत आणि चुकीच्या बाजूला बाहेर पडलात की ट्रॅकच्या पलीकडे जायला मोठा वळसा पडतो. कावागुचिको (फुजीजवळचं तलावाचं गाव) किंवा हाकोनेच्या (डोंगरातलं फिरायचं ठिकाण) हायवे बस जिथून सुटतात ते बुस्ता शिंजुकू दक्षिणेच्या बाजूला चौथ्या मजल्यावर आहे, लोक वेस्ट एक्झिटने बाहेर पडून रस्त्यावर बस स्टँड शोधत बसतात आणि बस मिनिटाला मिनिट वेळेवर निघून जाते. एका ओळखीच्या फॅमिलीची चार तिकिटं अशीच वाया गेली.

उपाय साधा आहे. एक्झिट शोधायची ती गेटच्या आत असतानाच, बाहेर पडल्यावर नाही. पिवळ्या बोर्डावर एक्झिटची नावं असतात, गुगल मॅप एक्झिटचा नंबर देतो (ए ५, बी २ असा), तो आधीच बघून ठेवा. मॅप डोळे झाकून फॉलो करायचा झाला तर तो जमिनीच्या वर आल्यावरच करा, जमिनीखाली तो निळा ठिपका काय वाटेल ते दाखवतो.

आणि एकाच नावाची स्टेशनं! हॉटेल बुक करताना "असाकुसा स्टेशनपासून दोन मिनिटं" वाचून लोक खूश होतात, पण इथे रेल्वे कंपन्या वेगवेगळ्या, गिंझा लाइन (टोकियो मेट्रोची), तोएईची असाकुसा लाइन आणि तोबूचं असाकुसा एकमेकांच्या जवळ आहेत आणि त्सुकुबा एक्सप्रेसचं असाकुसा वेगळंच, चांगलं आठ-दहा मिनिटं चालत. मोठ्या बॅगा ओढत हे अंतर काय असतं ते विचारू नका. डिस्नीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, टोकियो स्टेशनात केइयो लाइनचे प्लॅटफॉर्म बाकी स्टेशनपासून इतके लांब आहेत की ट्रेन बदलायलाच दहा-पंधरा मिनिटं धरायची.

पास घेतला म्हणजे पैसे वाचले असं नाही

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांचा टुरिस्ट पास. अजूनही जुने व्हिडिओ बघून लोक घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो बुलेट ट्रेनने जाऊन-येऊन साधारण २८,००० येन लागतात, आता तुम्हीच हिशोब करा. फक्त टोकियो आणि आसपास फिरणार असाल तर या पासचा काहीही उपयोग नाही.

दुसरा घोळ चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांच्या सबवे तिकिटाचा. तिकीट चांगलं आहे, टोकियो मेट्रो आणि तोएईच्या सगळ्या लाइनवर चालतं, पण शहराला गोल फिरणाऱ्या यामानोते लाइनवर चालत नाही कारण ती जेआरची. हॉटेल यामानोतेच्या स्टेशनजवळ घ्यायचं आणि पास सबवेचा काढायचा, मग रोज वेगळे पैसे भरायचे, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी विचारलं तर आधी हॉटेल कुठे ते विचारतो.

बहुतेकांना सुइका किंवा पास्मो हे प्रीपेड कार्ड पुरतं, टॅप करा आणि चला. फक्त एका माणसाला एक कार्ड, नवरा-बायको एकच कार्ड आलटून-पालटून टॅप करू शकत नाहीत. मुलांना सहा ते अकरा वर्षांसाठी अर्ध्या भाड्याचं कार्ड मिळतं पण त्याला काउंटरवर पासपोर्ट दाखवावा लागतो, सहाच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट. आयफोनमध्ये सुइका वॉलेटमध्येच टाकता येतं, भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये मात्र नाही, त्यावर वेळ घालवू नका, सरळ प्लास्टिकचं कार्ड घ्या. भारतीय व्हिसा कार्डाने मोबाइल सुइका रिचार्ज होत नसेल (बऱ्याचदा होत नाही) तर कोणत्याही कोन्बिनीत (सेव्हन इलेव्हन, लॉसनसारखं छोटं दुकान) कॅश देऊन काउंटरवर करून मिळतं. प्लास्टिक कार्डाला तर रिचार्जसाठी कॅशच लागते, म्हणून खिशात थोडे येन हवेतच. सेव्हन इलेव्हनच्या एटीएममधून आपली कार्डं चालतात, फक्त बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून निघा. मशीन किंवा दुकानदार "रुपयात चार्ज करू का" विचारेल तेव्हा येनच निवडा, रुपयात रेट नेहमी वाईट मिळतो.

गेटने कार्ड नाकारलं, लाल लाइट लागली, पाठीमागे रांग, तर घाबरू नका आणि तेच कार्ड पाच वेळा आपटू नका. बाजूला माणूस बसलेलं गेट असतं, तिथे कार्ड द्या, ते मिनिटात सोडवतात. बॅलन्स कमी पडला असेल तर गेटच्या आतच फरक भरायचं मशीन असतं. एक केस मात्र खरी त्रासाची. टोकियोहून साध्या ट्रेनने सुइकावर बसून अतामीच्या पुढे मिशिमाकडे गेलात तर तिथलं गेट उघडतच नाही, कारण अतामीलाच जेआर ईस्टची (टोकियोकडची जेआर कंपनी) हद्द संपते. मग सगळं भाडं कॅशने भरा आणि कार्डावरची एन्ट्री नंतर क्लिअर करून घ्या. त्या बाजूला जाताना कागदी तिकीट काढा.

शिवाय सगळ्या ट्रेन सगळीकडे थांबत नाहीत. निशी-कासाईला डोसा खायला निघालेले लोक इकडे येणाऱ्या तोझाई या सबवे लाइनची रॅपिड पकडतात, ती तोयोचो सोडली की थेट उरायासूला, म्हणजे टोकियो संपून चिबात! मग उलटी ट्रेन पकडून फोन येतो, "अरे तुमचं स्टेशन आलंच नाही". बोर्डावर ट्रेनचा प्रकार लिहिलेला असतो, लोकल, रॅपिड, एक्सप्रेस, तो वाचल्याशिवाय चढू नका. आणि जेआरची लिमिटेड एक्सप्रेस असेल तर सुइकावरच्या भाड्याशिवाय आणखी वेगळं तिकीट लागतं.

फुजी दिसेलच असं गृहीत धरणं

आजूबाजूच्या ट्रिपा हा खरा दुखरा भाग. लोक भारतातूनच तारीख ठरवतात, "मंगळवारी फुजी", आणि मंगळवारी ढग. उन्हाळ्यात, विशेषतः जूनच्या पावसापासून ऑगस्टपर्यंत, तो डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही. थंडीत सगळ्यात छान दिसतो, आणि कोणत्याही सीझनमध्ये सकाळी दिसण्याचा चान्स जास्त. त्यामुळे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, आदल्या रात्री हवामान बघा, सकाळी उठून कावागुचिकोचे लाइव्ह कॅमेरे बघा आणि मगच निघा. अडचण एवढीच की शिंजुकूहून थेट जाणारी फुजी एक्सकर्शन ट्रेन रिझर्व्हेशनची आहे आणि वीकेंडला भरलेली असते, तेव्हा ऐन वेळी ठरवायचं तर मधला वार निवडा किंवा बस बघा, नाहीतर वाटेतल्या ओत्सुकी स्टेशनला ट्रेन बदलून जा, थोडा वेळ जातो पण जाता येतं.

तिथे गेल्यावर फोटोसाठी रस्त्यात उभं राहू नका. लॉसनच्या दुकानामागे फुजी दिसतो तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, त्यासाठी लोक इतके रस्त्यात घुसायला लागले की २०२४ च्या मे महिन्यात गावाने तिथे अडीच मीटर उंच काळा पडदाच लावला, नंतर ऑगस्टमध्ये काढला. फुजीच्या फोटोसाठी प्रसिद्ध चुरेइतो पॅगोडाला ३९८ पायऱ्या आहेत, आजी-आजोबांना वर नेण्याआधी विचार करा.

हाकोने एका दिवसात "उरकायला" जाणारे हमखास चिडून परत येतात. डोंगरातली ट्रेन, केबल कार, ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीवरून रोपवे, मग आशी तलावात ती समुद्री चाच्यांची बोट, हे सगळं वेगवेगळ्या रांगांमधून जातं आणि दुपार उतरली की एकेक बंद व्हायला लागतं. रोपवे वाऱ्याने किंवा ज्वालामुखीच्या गॅसमुळेही बंद पडतो, तेव्हा बदली बस असते पण गर्दी होते. हाकोनेचा फ्री पास (फुकट नाही, या सगळ्याचं एकत्र तिकीट) कमीत कमी दोन दिवसांचा मिळतो, यावरूनच समजून घ्या ना, रात्री राहा. आणि त्या पासमध्ये रोमान्सकारचं (शिंजुकूहून हाकोनेला जाणारी खास एक्सप्रेस) जादा भाडं नसतं, ते वेगळं.

टोकियोच्या उत्तरेला निक्कोला लोक तोशोगू मंदिर बघून तीन माकडांचा फोटो काढून येतात, पण खरी मजा वर चुझेनजी तलाव आणि केगोनच्या धबधब्याला आहे. मात्र ऑक्टोबरच्या शेवटाकडे पानं लाल झाली की वर जाणाऱ्या इरोहाझाका घाटाच्या वळणांवर बस तासन्‌तास अडकते, तेव्हा पहाटेची ट्रेन, नाहीतर जाऊच नका. कामाकुरा सोपं आहे, तासाभरात पोचता, वीकेंडला तिथल्या एनोदेन या छोट्या ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नसते एवढंच.

खाण्याचं

शाकाहारी लोकांनी हा भाग नीट वाचा. इथे "मांस नाही" म्हणजे मांसाचे तुकडे नाहीत, रस्सा कशाचा आहे ते वेगळं. मिसो सूप, उदोन, सोबा, तेम्पुराबरोबरची चटणी, सगळ्यात दाशी, म्हणजे रश्शाचा मूळ अर्क, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाची. जपानी करी राइस भाजीची मागवली तरी मसाल्याच्या वडीत बीफ किंवा डुकराची चरबी असू शकते. म्हणून "व्हेजिटेरियन" एवढं सांगून थांबू नका, मांस, मासे, दाशी, अंडं काय काय चालत नाही ते जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण वीगन रामेनचं दुकान आहे, उएनोलाही आहे. निशी-कासाईला भारतीय हॉटेलं, किराणा सगळं मिळतं, याच एदोगावा वॉर्डाच्या असेंब्लीवर २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. घरून थेपले, चटण्या, लाडू आणा, पण आंबे आणि ताजा कढीपत्ता आणू नका, ताजी फळं-भाज्या सर्टिफिकेटशिवाय एअरपोर्टवरच काढून घेतात.

रेस्टॉरंट सापडत नाही ही तक्रार तर रोजची. वर बघा! इथे जेवणाची ठिकाणं पाचव्या-सातव्या मजल्यावर असतात, आणि वन एफ म्हणजे आपला तळमजला.

घरून निघतानाच्या चुका

ई-व्हिसा आला की लोक प्रिंट काढून लॅमिनेट करतात. उपयोग नाही. एअरपोर्टवर फोनवर इंटरनेट चालू ठेवून व्हिसाची लाइव्ह नोटीस दाखवावी लागते, स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट चालत नाही. म्हणजे पोचल्या पोचल्या चालणारं सिम किंवा रोमिंग हवं. औषधं एक महिन्यापुरतीच आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह, कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेलं काही असेल तर आधी नियम तपासा. ओरिजिनल पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका, तो जवळ बाळगणं इथे कायद्याने बंधनकारक आहे.

तारखा बघताना २९ एप्रिल ते ५ मे टाळा, गोल्डन वीक, अख्खा जपान फिरायला निघतो, आणि आपल्या शाळांची सुट्टी बरोबर तेव्हाच असते. मेचा दुसरा आठवडा मस्त. उएनोची म्युझियमं आणि झू सोमवारी बंद, सोमवारी सणाची सुट्टी असेल तर मंगळवारी. जिब्ली (अ‍ॅनिमेशन स्टुडिओ) म्युझियमचं तिकीट दारात मिळत नाही, दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची तिकिटं जपानच्या सकाळी १० वाजता सुटतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहा, गजर लावा.

हॉटेलची रूम बुक करताना माणसं खरी लिहा, दोन लिहून चौघं जाऊ असं इथे चालत नाही, आणि रूम इतकी छोटी असते की दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत. बॅगा कमी आणा किंवा ताक्क्युबिनने (सामानाची कुरिअर सेवा) पुढच्या हॉटेलला पाठवा, सकाळी साडेसात ते साडेनऊ मोठी बॅग घेऊन ट्रेनमध्ये शिरायचा विचारही नको.

काही विसरलं, पर्स ट्रेनमध्ये राहिली, तर लगेच स्टेशन ऑफिसला सांगा, लाइन, साधारण वेळ आणि डबा कुठला ते सांगितलं की बऱ्याचदा पुढच्या स्टेशनवर काढून ठेवतात. रस्त्यात हरवलं तर कोबान, म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी. शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पहिली पाचच्या सुमाराला, मध्ये टॅक्सी, तीही रात्री १० नंतर २० टक्के जादा. शिंजुकूहून लांब राहत असाल तर साडेअकरालाच बिल मागवा.