वायपर नीट पुसत नाहीये? लगेच ब्लेड बदलू नका, आधी या चुका टाळा

जून उजाडला की ठाण्यात ॲक्सेसरीजच्या दुकानात वायपर ब्लेडसाठी रांग लागते, आणि बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं ब्लेड बदलून चार दिवसांत परत सुरू होतं, कारण बिघाड ब्लेडमध्ये नव्हताच. वायपर म्हणजे नुसतं रबर नाही, मागे ब्लेड धरणारा आर्म आहे, त्यातली स्प्रिंग आहे, बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीखाली मोटर आणि तिला आर्मशी जोडणारे दांडे, म्हणजे लिंकेज आहे, आणि समोर काच आहे जिच्याकडे कोणी बघतच नाही.

तर पहिली चूक हीच, घाण काचेवर नवीन ब्लेड. घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको, टॉवरांची बांधकामं, मेट्रोचं काम आणि रात्रभर चालणारे ट्रक, ही सगळी धूळ आणि डिझेलचा धूर काचेवरच बसतो. ठाणे-बेलापूर रोड किंवा तळोज्याच्या बाजूलाही तेच. त्यात सोसायटीत सकाळी गाडी पुसणारा ज्या फडक्याने पॉलिश मारतो तेच फडकं काचेवर फिरवतो, मग तेलकट थर चढतो आणि रात्री समोरून हेडलाइट आली की काच धुरकट दिसते. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बादलीभर पाण्यात टाकून स्पंजने काच घासा, भरपूर पाण्याने धुवा, आणि मग रबराची धार ओल्या कपड्याने पुसा, कपड्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. बरेचदा इथेच काम होतं.

काच स्वच्छ करूनही त्रास असेल तर मग नीट बघा की नेमकं काय होतंय. दरवेळी एकाच जागी बारीक रेघ उरत असेल तर रबराला तिथे चीर आहे किंवा कचरा अडकलाय. मधला रुंद पट्टा कोराच राहत असेल तर ब्लेड काचेवर नीट दाबलं जात नाही, म्हणजे स्प्रिंग ढिली किंवा ब्लेडचा बाक चुकीचा. आणि ब्लेड थडथड करत उड्या मारतंय, तेही फक्त जाताना किंवा फक्त येताना, तर बरेच लोक ब्लेड बदलतात आणि पैसे घालवतात, खरं तर तिथे आर्म पिळलेला असायची शक्यता जास्त. काच ओली करून वायपर चालू करा, काचेच्या मध्यावर आला की इग्निशन बंद करा आणि बाजूने बघा, आर्मचं टोक काचेला समांतर हवं, तिरकं असेल तर गॅरेजवाला थोडं पिळून सरळ करून देतो. स्वतः पक्कड लावून जोर काढू नका, ॲल्युमिनियमचा आर्म असेल तर तडकतो.

आर्म उचलायचा तर ब्लेड काढल्यावर काचेवर जाडसर टॉवेल ठेवा. नुसता लोखंडी हूक काचेवर सुटला तर ब्लेडच्या किमतीत काच तडकली म्हणून समजा.

आता वायपर हलतच नाहीये, असं असेल तर कान लावा. मोटरचा आवाज येतोय पण वायपर जागेवर, म्हणजे मोटर बहुधा चांगली आहे, लिंकेजचा जॉइंट निसटलाय नाहीतर आर्मचा नट ढिला झालाय. एकच वायपर चालत असेल तर आधी बंद पडलेल्या वायपरच्या बुडाची टोपी काढून नट बघा. आर्म जिथे बसतो तिथले दाते झिजले नसतील तर ब्रशने साफ करून नट आवळला की झालं, फक्त वायपर पार्क पोझिशनला, म्हणजे बंद केल्यावर खाली जिथे बसतो तिथे असताना, आणि काढायच्या आधी काचेवर टेपने खूण करून, नाहीतर नंतर वायपर बॉनेटवर आपटतो. लिंकेजमध्ये हात घालताना इग्निशन बंद आणि चावी खिशात. तिथे बोट सापडलं तर मोटर विचारत नाही.

बऱ्याच गाड्यांत लिंकेजच्या जॉइंटमधला प्लास्टिकचा छोटा बुश झिजलेला असतो, आणि त्यासाठी पूर्ण मोटर असेंब्ली गळ्यात मारली जाते, तेव्हा जुना पार्ट हातात घेऊन बघा.

आवाजच येत नसेल तर फ्यूज. आणि इथली चूक सगळ्यात धोकादायक: पंधराचा फ्यूज उडाला म्हणून तिसाचा टाकायचा. निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअर, बॉक्सच्या झाकणावर जेवढा लिहिलाय तेवढाच टाका, नाहीतर वायर जळते. फ्यूज परत परत उडत असेल तर मोटर किंवा लिंकेज कुठेतरी अडकत असू शकतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पानं आणि चिखल साठतो, पाणी तुंबतं आणि आर्म ज्यावर फिरतो तो पिव्हट गंजतो, तेव्हा मे महिन्यातच जाळी साफ करून घ्या. फ्यूज ठीक असेल तर इलेक्ट्रिशियनला मोटरच्या सॉकेटवर टेस्टर लावायला सांगा, करंट येतोय आणि अर्थिंगही बरोबर आहे तरी फिरत नाही तर मोटर, करंटच नाही तर स्विच, रिले किंवा वायरिंग. आणि बंद केल्यावर वायपर मधेच उभा राहतो तर मोटरमधला पार्क स्विच, म्हणजे वायपर खाली आणून थांबवणारा स्विच, बघायला लावा.

वॉशरच्या टाकीत साबण किंवा शाम्पू ओतू नका, फेस वाळून काचेवर डाग पडतात. टँकरचं जड पाणी असेल तर तेही नको, जेटच्या भोकात क्षार साचतो, बारीक सुईने साफ होतो पण कटकट कशाला. फिल्टरचं पाणी आणि वॉशर फ्लुइड पुरे. टाकी रिकामी असताना पंप दाबत बसू नका, जळतो.

आणि सायन-पनवेल हायवेवर धो-धो पावसात वायपर बंद पडला तर हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, लावून तसंच पुढे रेटू नका. डावीकडे घ्या, जवळचा पेट्रोल पंप किंवा रुंद जागा शोधून थांबा, आणि गाडी थांबल्यावर हॅझर्ड लावा. काही मोटरी गरम होऊन आपोआप बंद पडतात आणि पाच-दहा मिनिटांनी परत चालू होतात, तेवढा वेळ द्या, आणि चालू झाली तरी घरी जायच्या आधी गॅरेजवाल्याला दाखवा, कारण ती गरम का झाली ते अजून कळलेलं नसतं.