एक लाख मोजण्या आणि दहा सेकंद: टायमिंग विश्लेषणात नव्याने येणाऱ्यांसाठी

रबाळ्याच्या एमआयडीसीत मोटर नियंत्रक बनवणाऱ्या एका कंपनीत मी रुजू झालो, तेव्हा प्रोग्रॅमला लागणारा वेळ मोजला की टायमिंग विश्लेषणाचे, म्हणजे प्रोग्रॅम दर वेळी ठरलेल्या मुदतीत संपेल का हे ठरवण्याचे, काम संपले, अशी माझी समजूत होती. आमच्या बोर्डावर १६८ मेगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर होता आणि नियंत्रणाची फेरी (मोटरची स्थिती वाचून तिला पुढचा आदेश देणारा कोड) दर १०० मायक्रोसेकंदांनी येत असे, म्हणजे एका फेरीला प्रोसेसरच्या घड्याळाचे १६,८०० ठोके (सायकल). मी एक लाख फेऱ्या मोजल्या, त्यांतला कमाल वेळ ७९ मायक्रोसेकंद निघाला, त्यावर वीस टक्के राखीव धरून मी अहवाल दिला.

ग्राहकाकडे फेरी अधूनमधून १०० मायक्रोसेकंदांच्या पुढे जाऊ लागली. जुन्या नोंदींचा हिस्टोग्राम (कोणता वेळ किती फेऱ्यांना लागला याचा आलेख) काढला, तेव्हा ६४ जवळच्या उंच ढिगाच्या उजवीकडे ७७ पाशी एक बारीक उंचवटा दिसला. फेरी चालू असताना कॅन बसचा (यंत्रातील उपकरणांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीचा) एक संदेश वाचला गेला की १३ मायक्रोसेकंद वाढत होते. ग्राहकाच्या यंत्रात पॅरामीटर बदलताना कॅनचा इंटरप्ट (संदेश आला की चालू काम थांबवून तो वाचायला लावणारा संकेत) काही काळ बंद राही, तेवढ्यात तीन संदेश साचत आणि पुढच्या फेरीत सलग वाचले जात: ६४ अधिक ३९, म्हणजे १०३. आमच्या टेबलावर पॅरामीटर कोणी बदललेच नव्हते. शिवाय एक लाख फेऱ्या म्हणजे यंत्र चालल्याची अवघी दहा सेकंदे, हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता.

लिउ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवले की रेट मोनोटॉनिक पद्धतीत (जे कार्य जास्त वेळा येते त्याला आधी प्रोसेसर देण्याच्या पद्धतीत) प्रोसेसरचा वापर सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असेल, तर कार्ये कितीही असली तरी डेडलाइन चुकत नाही. परंतु प्रत्येक कार्याचा कमाल वेळ त्या सूत्राला बाहेरून द्यावा लागतो, आणि तो विश्वासाने देणे हेच आपले काम. त्यासाठी नोंदींचे गट पाडून प्रत्येक गटातील कमाल वेळ घेतात, त्यांवर गुंबेलसारखे टोकाच्या मूल्यांचे वितरण (कोणत्या मूल्याची शक्यता किती हे सांगणारे सूत्र) बसवतात आणि ठरावीक संभाव्यतेने कोणता वेळ ओलांडला जाईल ते वाचतात. अब्जात एक ही संभाव्यता ऐकायला नगण्य वाटते, पण आमच्या यंत्रात अब्ज फेऱ्या साधारण अठ्ठावीस तासांत होतात.

या पद्धतीला नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आणि एकाच वितरणातल्या लागतात, आणि नवखे बहुधा इथेच चुकतात. उदाहरण द्यायचे तर, मी ठाण्याहून रबाळ्याला रस्त्याने येतो. जुलैत एके दिवशी पाणी साचून उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशीही तो होण्याची शक्यता जास्त असते, आणि मे महिन्याच्या नोंदींवरून जुलैचा कमाल वेळ काढता येत नाही. म्हणून नोंदी घेतल्या त्याच क्रमाने जपाव्यात, आधी क्रमाने आलेख काढावा, नोंदी आधीच्या नोंदींवर अवलंबून आहेत का हे पाहणारी लियुंग-बॉक्ससारखी चाचणी लावावी आणि मगच वितरणाकडे वळावे. हिस्टोग्रामला दोन उंचवटे असतील, तर आधी दुसऱ्याचे कारण कोडमध्ये शोधावे.

वेळ ज्याने मोजतो तो प्रोसेसरमधला सायकल काउंटर ३२ बिटांचा असल्याने या वेगाला तो साडेपंचवीस सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. चिन्हरहित (ऋण संख्या न धरणारी) वजाबाकी केली तर लहान अंतरे बरोबर मिळतात. प्रत्येक नोंदीसोबत बसवरील उपकरणे, मोटरवरचा भार आणि त्या वेळी चालू असलेले इंटरप्ट लिहून ठेवावेत. आमच्या बिघाडाचे कारण सापडायला तीन आठवडे लागले, ते अशी वही नसल्यामुळे.